सिद्रामप्पांचा संशय

प्रिय निनाद आणि रेवा,

निनाद, तू मागच्या आठवड्यात पाठवलेला मोटरसायकलचा व्हिडिओ मी चार वेळा ऐकला. ऐकला असंच म्हणते, कारण बघण्यासारखं त्यात काही नव्हतं. तू जुनी गाडी घेतलीस, तिला दुसरा सायलेन्सर बसवलास, आणि आता वेग कमी केला की मागून फट् फट् बार निघतात. तू विचारलंस, "आजी, आपल्या गाडीला असंच झालं होतं ना? तेव्हा कोणी दुरुस्त केली?" मी म्हणाले, होते एक मेकॅनिक, आणि तिकडे थंडी किती आहे ते विचारलं. रेवा लगेच म्हणाली, "आजी, तू विषय बदललास."

बदलला, हे खरं आहे. म्हणून हे लिहिते. आईने तुम्हाला मराठी वाचायला शिकवलं आहे. सावकाश वाचा, अडलं तर तिला विचारा. त्या मेकॅनिकचं नाव सिद्रामप्पा. ते लोकांच्या गाड्यांतले चांगले भाग काढून घेऊन जुने बसवत असत, असं आमच्या सोसायटीत आजही बोललं जातं. ते खोटं आहे, आणि ते पहिल्यांदा मी बोलले होते.

जुळे सोलापुरातल्या आपल्या सोसायटीची कुंपणभिंत तुम्ही पाहिली आहे. तिला रस्त्याच्या बाजूने एक पत्रा बोल्टने अडकवलेला होता, पुढे दोन बांबू. एवढंच त्यांचं गॅरेज. पाटी नव्हती. कोणीतरी विचारलं तर म्हणाले, "पाटी बगून आलेलं गिऱ्हाईक दुसरी पाटी बगून जातंय की."

ते मूळचे मैंदर्गीचे, अक्कलकोटच्या पुढे. घरी कानडी, बाहेर मराठी, आणि संशय आला की दोन्ही एकदम. साठीच्या आसपासचे, काटकुळे. चष्म्याची एक काडी क्लचच्या वायरच्या तारेने बांधलेली. अंगात कायम पांढरा शर्ट. मेकॅनिकने पांढरा शर्ट घालावा हे मला चमत्कारिक वाटे, म्हणून एकदा विचारलं. ते म्हणाले, "डाग कुटनं उडला ते कळाय पायजे, बाई. काळ्या शर्टावर गळती कशी दिसंल?"

मी शाळेत होते हे त्यांना माहीत होतं, म्हणून "बाई". मी इंग्रजी शिकवायचे आणि परीक्षा विभाग सांभाळायचे. प्रश्नपत्रिकांच्या पाकिटांवरची लाख फुटली आहे का, उत्तरपत्रिकेत अक्षर मध्येच बदललं आहे का, हे बघण्यात माझी नोकरी गेली. संशय घेण्यात मी कमी नव्हते. पण सिद्रामप्पांचा संशय बघून मला माझाच संशय कच्चा वाटायला लागला.

गाडी आली की ते आधी तिच्या टाकीतलं थोडं पेट्रोल एका काचेच्या बाटलीत काढून भिंतीवर उन्हात ठेवायचे. पाणी खाली बसतं आहे का बघायचे, मग वास घ्यायचे. दुकानातून नवीन भाग आला की हातात तोलायचे, नखाने खरवडायचे, आणि तीनपैकी दोन परत पाठवायचे. गाडीवर त्यांचा विश्वास असे. मालकावर नसे. "गाडी सगळं सांगतीया. मालक मदी बोलतंय," असं ते मालकाच्या तोंडावर म्हणायचे.

आणि त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला होता. काय बिघडलं आहे, हा नाही. "शेवटचा हात कुनाचा?" म्हणजे गाडी नीट होती तेव्हापासून आजपर्यंत तिला शेवटी कोणी हात लावला आणि काय बदललं. हाच प्रश्न ते तीनदा विचारायचे, प्रत्येक वेळी वेगळ्या वाटेने. आमच्या बाल्कनीतून सगळं ऐकू यायचं, आणि सकाळची भाजी मी तिथेच निवडायची.

एकदा अकलूजकडचा एक जण आला. तिशीचा, गळ्यात साखळी, गाडीला मांडीएवढा जाड सायलेन्सर.

"काय बदललाव?"

"काय न्हाय की, अप्पा. आपोआप झटके खायलीय. चढाला दमच न्हाय."

सिद्रामप्पांनी चष्मा पुसला. ऊस किती लावलाय विचारलं, पाणी किती दिवसांनी येतं विचारलं. मग सहज म्हणाले, "सायलेन्सर लई भारी हाय. लग्नात मिळाला का?"

"न्हाय वो, पुन्यासनं मागवला."

"म्हंजे बदललाव."

"तसं बदललं म्हंजे... तुमी इंजिनचं विचारलाव असं वाटलं."

"पोट दुकतंय म्हनायचं, आन काय खाल्लाव ते सांगायचं न्हाय. बरं. आतली जाळी कुटं हाय?"

"कसली जाळी?"

सिद्रामप्पांनी कोपऱ्यातली लांब सळी उचलली आणि सायलेन्सरच्या तोंडातून आत सरकवली. ती जातच राहिली, पार हातापर्यंत. तसेच वाकून ते म्हणाले, "सळी पार आत गेली. आता तुमी बाहेर या."

शेजारच्या चहाच्या गाड्यावरचे सगळे हसले. त्या माणसाने कबूल केलं की आवाज मोठा यावा म्हणून जाळी त्याने गावातच कापून काढली. मग सिद्रामप्पांनी त्याला जे समजावलं ते मला अजून नीट लक्षात आहे, निनाद, आणि तुझ्या कामाचं आहे. इंजिन श्वास घेतं आणि सोडतं. सायलेन्सर मोकळा केला की सोडणं सोपं होतं, म्हणून ते जास्त हवा ओढतं. पण कार्बोरेटर पेट्रोल तेवढंच देतो, जेवढं कंपनीने मापून दिलेलं असतं. "नाक मोकळं केलाव, जेवन तेवडंच ठेवलाव. मग उपाशी गडी चढ चढंल का?"

अशा माणसावर आमच्या सेक्रेटरींचा राग होता. गाड्या तपासताना आवाज होतो, भिंत काळी होते, पत्र्यामुळे सोसायटीची शोभा जाते, असं ते दर बैठकीत मांडायचे. पण निम्म्या घरांच्या गाड्या सिद्रामप्पांकडेच जायच्या, म्हणून विषय पुढे ढकलला जाई. एवढ्याच आधारावर तो पत्रा भिंतीला होता. हे मला माहीत होतं. विसरू नका, मला हे माहीत होतं.

आता आपली गाडी. ती तुमच्या आईच्या दहावीच्या वर्षी घेतलेली. सहा वर्षांपूर्वी तिचा सायलेन्सर खालून गंजून फुटला. आजोबा बाजारात गेले आणि चकचकीत सायलेन्सर बसवून आले. आवाज ऐकून मी खाली आले. "कंपनीचाच आहे," ते म्हणाले, "नवा आहे म्हणून जरा मोठा वाटतो." सदुसष्ट वर्षांच्या माणसाला त्या आवाजाने आनंद झाला आहे हे मला दिसत होतं. ते एकदा उगाचच सोसायटीला फेरी मारून आले.

आठ दिवसांत बार सुरू झाले. उतारावर ॲक्सिलरेटरचा हात सैल सोडला की फट्. सिग्नलपाशी फट्. बँकेसमोर एका बाईच्या हातातली पिशवी पडली. मी मागे बसणं बंद केलं.

सात रस्ता चौकातल्या एका मेकॅनिकने ऐकून घेतलं आणि सांगितलं, कार्बोरेटर. त्यातला जेट, म्हणजे पेट्रोल ज्या बारीक भोकातून येतं तो पितळेचा खिळ्याएवढा तुकडा, त्याने मोठ्या भोकाचा बसवला. गाडी काळा धूर सोडायला लागली, पेट्रोल पाण्यासारखं जायला लागलं, आणि बार तसेच. दुसऱ्याने आणखी काही स्क्रू फिरवले. मग ती उभ्या उभ्या बंद पडायला लागली. आजोबांचं पाठदुखीचं औषध, माझी पेन्शन, मंडई, सगळं त्या गाडीवर होतं. शेवटी आम्ही आपल्याच भिंतीपलीकडे गेलो.

इथे मला माझी गोष्ट सांगावी लागते.

तुम्ही मला नखं रंगवलेली कधी पाहिली आहेत का? मी ती कधीच रंगवली नाहीत. तरी माझ्या कपाटात नेलपेंटची लाल बाटली कायम असते. शेजारी डबा पाठवायचा असला की त्याच्या बुडाला एक ठिपका. झाकण, वाटी, कुकरची शिट्टी, किल्ल्या, सगळ्यांना ठिपका. आमच्या पिढीच्या पुष्कळ घरांत हे करतात. स्टीलची भांडी सारखीच दिसतात आणि बदलून येतात. गाडी सिद्रामप्पांकडे द्यायच्या आदल्या संध्याकाळी मी खाली जाऊन कार्बोरेटरवर, आतल्या बाजूला, कोणाला दिसणार नाही असा एक ठिपका लावला. आजोबांनाही सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सिद्रामप्पांनी विचारलं, "शेवटचा हात कुनाचा?"

"दुसऱ्या मेकॅनिकचा," आजोबा म्हणाले.

"त्याच्या मागनं?"

"कोणाचाच नाही."

मग त्यांनी एक जाड खिळ्यासारखा पोलादी पंच आणि लहान हातोडी माझ्यापुढे धरली. हा त्यांचा नियम होता. कुठलाही भाग उघडण्याआधी गिऱ्हाइकाने स्वतः त्यावर ठोकून खूण करायची, आणि काम चालेल तेवढा वेळ समोरच्या स्टुलावर बसून बघायचं. "खून तुमी मारा, बाई. मागनं म्हनू नका बदललो म्हनून."

मी म्हणाले, "कशाला? माझा तुमच्यावर विश्वास आहे."

ते माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिले. "विश्वास हाय म्हननारं गिऱ्हाईक मला जड जातंय," असं म्हणून त्यांनी पंच खाली ठेवला.

त्या दिवशी मात्र मी स्टुलावर बसले. त्यांनी प्लग काढला. प्लगच्या टोकाचा रंग बघून इंजिनाला पेट्रोल कमी मिळतं की जास्त, ते कळतं. आपला प्लग काजळासारखा काळा होता. मग त्यांनी कार्बोरेटरच्या बाजूचा एक लहान स्क्रू भिंग लावून बघितला.

"साहेब, हे स्क्रूड्रायवर न्हाय. हे सुरी हाय. टोक वाकडं हाय तिचं."

माझ्या स्वयंपाकघरात फळं कापायची एक लहान सुरी आहे. तिचं टोक महिन्याभरापूर्वी कसं वाकलं, ते घरात कोणालाच माहीत नव्हतं. मी आजोबांकडे बघितलं. आजोबा चहाच्या गाड्याकडे बघत होते.

"जरासाच फिरवला होता," ते म्हणाले.

"किती जरा?"

"दोन... तीन वेढे."

"तीन मेकॅनिक झाले म्हना की गाडीला," सिद्रामप्पा म्हणाले. "आन तिसऱ्याकडं हत्यार कांदा कापायचं."

हा भाग मी आजोबांना वाचून दाखवला. ते म्हणतात, सुरी त्यांच्यामुळे वाकली नाही. तुम्ही ठरवा.

मग सिद्रामप्पांनी बोट वर केलं. "नोड्री बाई. बगा. प्लग काळा, म्हंजे पेट्रोल लई. तरी फटफट हाय. सगळी म्हनत्यात पेट्रोल कमी म्हनून फटफट. मग ह्यात खोटं कोन बोलतंय?" त्यांनी गाडी चालू केली आणि ओल्या गोणपाटाची घडी सायलेन्सरच्या तोंडावर दाबून धरली. "आता कोंडून हिनं बंद पडाय पायजे." ती बंद पडली नाही. पुढून, पाईप इंजिनाला जिथे जोडतो तिथून, सुस्स आवाज यायला लागला. त्या सांध्यावर त्यांनी साबणाचं पाणी सोडलं. बुडबुडे आले.

सांधा उघडला. बाजारातल्या सायलेन्सरचा पाईप आपल्या इंजिनाच्या तोंडापेक्षा थोडा बारीक होता, आणि बसवणाऱ्याने मधली फट एका पत्र्याच्या पट्टीने भरली होती. सिद्रामप्पांनी ती पट्टी उन्हात धरून वाचली. "केशवर्धक असं काय तरी लिवलंय. तेलाचा डबा कापलाय. गाडीला केस यायचे ऱ्हायलेत फक्त."

कारण असं होतं, निनाद, आणि तुझंही हेच असण्याची शक्यता आहे. आपण हात सैल सोडतो तेव्हा थोडं न जळलेलं पेट्रोल गरम पाईपात जातं. सांधा घट्ट असेल तर ते निघून जातं. फट असेल तर तिथून बाहेरची हवा आत ओढली जाते आणि पेट्रोल पाईपातच पेटतं. तोच बार. आधीच्या दोघा मेकॅनिकांनीही कार्बोरेटरच उघडला होता. सांध्याला कोणी हात लावून बघितलं नव्हतं. म्हणून आधी सांधा बघ, नंतर कार्बोरेटर.

त्यांनी बरोबर मापाची तांब्याची कडी घडवून घातली. मग कार्बोरेटर कंपनीच्या मापावर परत आणला, आणि तिथून पुढे एका वेळी एकच गोष्ट बदलायची. एक बदल, की आजोबांना होटगी रोडला पिटाळायचं. पूर्ण वेगात गाडी बंद करून तशीच घरंगळू देत कडेला घ्यायची आणि प्लग रुमालात आणायचा. सिद्रामप्पा तो प्लग चहाच्या ग्लासाला लावून बघायचे. "पांढरा म्हंजे उपाशी. काळा म्हंजे अजीर्न. चहा म्हंजे बरूबर." दोन बदल एकदम करू या, वेळ वाचेल, असं आजोबा म्हणाले, तेव्हा त्यांनी उत्तर दिलं, "मग गुन कुनाचा ते कुनाला इचारू?"

चार दिवस लागले. मी फक्त पहिला दिवस बसले. नंतर ऊन वाढलं आणि माझा कंटाळाही.

चौथ्या दिवशी गाडी घरी आली. पहिल्या किकला चालू, एकही बार नाही, आवाज मऊ. आजोबा शीळ घालत वर गेले. मी खाली थांबले, वाकले, आणि ठिपका शोधला.

ठिपका नव्हता. कार्बोरेटर चांदीसारखा चकचकत होता, आपला कधीच तसा नव्हता. मी रुमालाने पुसून बघितलं, चष्मा बदलून बघितलं. मग मला सगळं स्वच्छ दिसलं, म्हणजे तसं वाटलं. आपला मूळ कंपनीचा कार्बोरेटर काढून घेतला, आणि बाजारातला बसवला. चार दिवस म्हणूनच लागले. पंच पुढे करणं हा देखावा.

आजोबा म्हणाले, "अगं, त्यांना विचार तरी."

मी म्हणाले, "कॉपी करणाऱ्याला विचारून कधी पेपर तपासतात का?"

आणि मी सोसायटीच्या ग्रुपवर लिहिलं. इंग्रजीत, तीन मुद्दे, शांत भाषेत. कोणावर आरोप नाही, फक्त वस्तुस्थिती. रहिवाशांनी आपापले भाग तपासावेत. ते लिहिताना मला बरं वाटलं होतं, हेही लिहून ठेवते. तासाभरात उत्तरांची रांग लागली. कोणाची बॅटरी लवकर उतरली होती. कोणाचं टायर जुनं वाटत होतं. ज्यांना आदल्या दिवशीपर्यंत काही वाटत नव्हतं, त्या सगळ्यांना काही ना काही वाटायला लागलं. सेक्रेटरींनी रविवारची बैठक जाहीर केली. विषय एकच, भिंतीचा पत्रा.

गुरुवारी सकाळी दार वाजलं. सिद्रामप्पा. तीन जिने चढून आले होते, एका हातात झाकलेला डबा, दुसऱ्या हातात कुठला तरी जुना मळका कार्बोरेटर. माझी खूण गायब झाल्याचं मी ग्रुपवर लिहिलंय, हे दूधवाल्याने त्यांना सांगितलं होतं. आत या म्हटलं तरी आले नाहीत. चपला काढून उंबऱ्याबाहेरच बसले.

"तुमची खून कशाची हुती, बाई?"

मी सांगितलं.

"बाटली आना."

मी बाटली आणली. त्यांनी हातातला कार्बोरेटर माझ्यापुढे ठेवला. "लावा. तुमाला पायजे तितं लावा."

मी ठिपका लावला. फुंकर घालून तो वाळवला. त्यांनी डब्याचं झाकण काढलं. थिनरचा उग्र वास आला. "जुनं पेट्रोल आत डिंकासारकं चिकटतं. त्येला मी ह्यात रातभर बुडवतो. तुमचा बी बुडवलो." मग डबा माझ्याकडे सरकवला. "तुमी बुडवा. मी बुडवलो तर परत संशय."

मी बुडवला. बाहेर काढला. लाल रंग थेंबासारखा ओघळला, आणि फडक्याने पुसला तर खाली नुसता धातू, चकचकीत.

मी फडकं उलटून पुन्हा पुसलं. ते माझ्याकडे न बघता डब्याचं झाकण लावत म्हणाले, "मी पंच दिलो हुतो. तुमी म्हनलाव, विश्वास हाय."

रागाने म्हणाले असते तर मी उत्तर शोधलं असतं. ते गिऱ्हाइकाचं तिसरं उत्तर ऐकल्यावर जसे बोलायचे, तसे बोलले. शोध लागला, संपलं.

"मी रविवारी सांगते," मी म्हणाले. "सगळ्यांसमोर सांगते."

"सांगा," ते म्हणाले. "पर ते आता तुमच्या हातात न्हाय, बाई."

मी त्याच दिवशी ग्रुपवर लिहिलं, मराठीत आणि इंग्रजीत, की चूक माझी होती. खाली दोन अंगठे आले. त्यातला एक आजोबांचा.

रविवारी पार्किंगमध्ये खुर्च्या मांडल्या होत्या. मी थिनरचा डबा, बाटली आणि एक जुना कार्बोरेटर घेऊन गेले. सगळं उभं राहून सांगितलं. नेलपेंट, खोटा विश्वास, सगळं. मग सर्वांसमोर करून दाखवायला डबा उघडला.

"मॅडम, वास येतोय, लहान मुलं आहेत," कोणीतरी म्हणालं.

सेक्रेटरी नम्रपणे हसले. "मॅडमचं मन फार मोठं आहे. गरीब माणसाच्या पोटावर पाय नको, म्हणून त्या स्वतःवर घेतायत."

"मी स्वतःवर घेत नाही," मी म्हणाले. "चूक माझीच आहे. हा पुरावा बघा."

दुसऱ्या मजल्यावरचे एक गृहस्थ म्हणाले, "तुमचा नसेल बदलला, मॅडम. पण आमचे? आम्ही काय ठिपके लावले नव्हते."

मी एका मेसेजमध्ये जे लावलं होतं ते काढायला माझ्याजवळ एक डबा होता, आणि तो फक्त माझ्या ठिपक्याला लागू होता. हात वर झाले. विरोधात आम्ही दोघं आणि तळमजल्याच्या एक बाई, ज्यांच्याकडे गाडीच नव्हती. पंधरा दिवसांची मुदत दिली गेली.

पत्रा त्यांनी तेराव्या दिवशी स्वतःच काढला. टेम्पो उभा होता. मी खाली गेले. माफी मागायची ठरवून गेले होते, वाक्यंही जुळवली होती. मी काही बोलायच्या आत ते म्हणाले, "साहेबांना सांगा, दर दोन हजार किलोमीटरला सांध्याचे नट आवळायचे. गरम असताना न्हाय. थंड झाल्यावर." 

मी "हो" म्हणाले. मग माफी मागितली. त्यांनी हातातला पाना फडक्यात गुंडाळला, मान हलवली. ती मान हो अशी हलली की नाही अशी, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

ते पुढे ड्रायव्हरशेजारी बसले नाहीत. दोरी ढिली आहे, असं त्यांना वाटत होतं. ड्रायव्हर शपथ घेत होता. ते मागे चढले आणि पत्र्यावर आडवे होऊन दोन्ही हातांनी तो दाबून धरला. टेम्पो वळला तेव्हा पांढरा शर्ट फुगलेला दिसला, आणि तोंड रस्त्याकडे होतं, आमच्याकडे नाही.

ते मैंदर्गीत फवारणीचे पंप आणि गाड्या दुरुस्त करतात, असं दूधवाला सांगत असे. आता दूधवालाही बदलला. मी मैंदर्गीला गेले नाही. अक्कलकोटपर्यंत दोनदा गेले आणि परत आले.

भिंतीला दोनदा रंग दिला, तरी पत्र्याच्या बोल्टची चार भोकं दिसतात. सायलेन्सर तोच आहे, सांध्यातली तांब्याची कडी तीच आहे, आणि गाडी आजोबाच चालवतात.

तुमची आजी